परत घेतलेली चढाई

दिनांक २ मार्च १९८७, सकाळी १०.४० वाजता.

माझे नाव सौ. रुक्मिणी धाकू घाडीगावकर, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (औषध कारखान्यात पॅकिंग खाते), राहणार चाळ क्रमांक ४, खोली ११, कांजूरमार्ग पूर्व, मुंबई. मूळ गाव मालवण तालुक्यात. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व दोन मुलांसह राहते. पती धाकू हे पूर्वी गिरणीत होते, संपानंतर एका सोसायटीत वॉचमन आहेत. मी लग्नाआधी कबड्डी खेळत होते. एकोणीस वर्षांपासून महिलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. पंच परीक्षेचा दाखला सोबत आणला आहे.

माझ्याविरुद्ध नंदकिशोर तिरोडकर या इसमाने फिर्याद दिली आहे की, मी काल रविवारी सकाळी अकरा वाजता त्याच्या कार्यालयात घुसून व्हिडिओ कॅसेट नष्ट केली आणि त्यामुळे 'राष्ट्रीय नेटवर्कचे अपरिमित नुकसान' झाले. कॅसेट मी नष्ट केली हे खरे आहे. नेटवर्क राष्ट्रीय आहे हे खोटे आहे.

सदर नंदकिशोर याला मी १९८४ पासून ओळखते. तेव्हा तो एक व्हीसीआर घेऊन घरोघरी भाड्याने लावत असे, सत्यनारायणाला, बारशाला, कुठेही. पुढे त्याने गच्च्यांवरून तारा टाकून एका इमारतीच्या सर्व घरांत पिक्चर दाखवायला सुरुवात केली. पिक्चर सगळेच दाखवतात म्हणून हा परदेशी कुस्तीच्या कॅसेटी दाखवू लागला आणि लोकांना त्या आवडल्या. मागच्या वर्षी गणपतीत त्याने आपल्या दहा बाय बाराच्या खोलीवर 'अखिल भारत स्पोर्ट्स टेलिव्हिजन नेटवर्क' अशी पाटी लावली. आज तीनशे चाळीस घरांत त्याची तार आहे. त्याचा अखिल भारत स्टेशनच्या पूर्वेला सुरू होतो आणि नाल्यापाशी संपतो, कारण नाल्यापलीकडच्या केबलवाल्याने त्याला तार टाकू दिलेली नाही. तरीही हा मला भर रस्त्यात सांगत असे, "मॅडम, आज कांजूर, दोन वर्षांत दिल्ली. सगळ्या खेळांचे हक्क आपल्याकडे येणार." हक्क म्हणजे काय ते मला तेव्हा कळले नव्हते. खेळ खेळणाऱ्याचा असतो अशी माझी अडाणी समजूत होती.

त्याने घाटकोपरच्या एका कॅरम स्पर्धेचे हक्क घेतले, भांडुपच्या शरीरसौष्ठव स्पर्धेचे घेतले, एका शाळेच्या खो-खोचेसुद्धा घेतले. जानेवारीत त्याने आमच्या भागातील एकसाथ क्रीडा मंडळाच्या महिला कबड्डी स्पर्धेचे हक्क घेतले. मंडळाचे सेक्रेटरी जयवंत यांनी स्टॅम्प पेपरवर सही करून दिली. त्यांना काय मिळाले असे विचाराल तर पैसा नाही. रोज सामन्याआधी त्यांची दहा मिनिटे मुलाखत दाखवायची, एवढेच कबूल झाले होते. स्वतःचे तोंड टीव्हीवर बघण्यासाठी माणसाने वीस वर्षांचा करार लिहून दिला. त्या करारात असे कलम आहे की सामन्याची सर्व कागदपत्रे नेटवर्कच्या ताब्यात राहतील आणि 'चित्रफितीवर दिसेल तोच सामना अंतिम धरला जाईल'. जयवंत म्हणतात की इतक्या खालपर्यंत त्यांनी वाचले नव्हते.

अंतिम सामना दिनांक १५ फेब्रुवारी रोजी जागृती संघ, कांजूरमार्ग आणि नवज्योत संघ, मुलुंड यांच्यात होता. आमच्याकडे सामने दिवे लावून सात वाजता होतात. कॅमेऱ्याला उजेड पुरत नाही म्हणून नंदकिशोरने तो साडेचार वाजता ठेवायला लावला. उन्हाने माती तापली होती आणि मुलींचे तळपाय भाजत होते. ते कॅमेऱ्यात दिसत नसल्यामुळे त्याची दखल घेतली गेली नाही.

या सामन्याला एका सरकारी बँकेचे क्रीडा अधिकारी येणार होते. बँकेच्या महिला संघात एक जागा होती, म्हणजे कायमची नोकरी. त्यांनी चाचणी घेऊन दोघींची नावे काढली होती. एक जागृतीची सुगंधा हरेश्वर भोईर, वय २०, आणि दुसरी नवज्योतची प्रेमा. दोघींपैकी अंतिम सामन्यात जी चांगली खेळेल तिला घ्यायचे असे ठरले होते. सुगंधाचे वडील वारले आहेत. आई सखुबाई कांजूर कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन विक्रोळीपर्यंत चालत जाते. माझे त्यांच्याशी नाते नाही. बँकेच्या साहेबांना जयवंत यांनी फोन करून सांगितले की, "कशाला उन्हात येता, तुम्हाला कॅसेट घरपोच देतो." साहेब आले नाहीत.

सामना वीस-वीस असा बरोबरीत आला. शेवटची चढाई सुगंधाची होती. ती आत गेली, डाव्या कोपऱ्यात प्रेमा उभी होती. सुगंधाने पाय लांब टाकून प्रेमाच्या गुडघ्याला अंगठा लावला आणि दम न सोडता मध्यरेषा ओलांडून परत आली. मी दोन हातांवर होते, स्पर्श स्वच्छ पाहिला. मी शिट्टी दिली आणि गुण जागृतीला दिला. वेळ संपली होती. जागृती एकवीस, नवज्योत वीस. प्रेमाने स्वतः हात वर करून स्पर्श मान्य केला. मैदानात सुमारे तीनशे लोक होते, त्यांनी सुगंधाला उचलून घेतले. हा सामना. याव्यतिरिक्त त्या दिवशी दुसरा कोणताही अंतिम सामना झालेला नाही.

त्यानंतर पाच-सात मिनिटांनी नंदकिशोर हातात माइक घेऊन माझ्याकडे आला. त्याची कॅसेट शेवटच्या मिनिटाला संपली होती. ती उद्घाटनाची भाषणे, जयवंत यांची मुलाखत आणि नगरसेवकांचा सत्कार यांतच भरून गेली होती. खेळासाठी खेळाच्या कॅसेटवर जागा उरली नव्हती. त्याने नवी कॅसेट घातली होती. तो म्हणाला, "मॅडम, ती लास्ट चढाई परत घ्या ना एकदा. फक्त दाखवायला. पब्लिक थांबलीय."

मी म्हटले, "अरे, झालेली चढाई परत कशी घेणार?"

तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे यार. निकाल काय बदलतोय?"

सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, आणि दुसरे पंच चहाला गेले होते. मुली हसत होत्या. प्रेमा म्हणाली, "घे गं सुगंधा, होऊन जाऊ दे." सगळ्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मी शिट्टी दिली. मला कोणी जबरदस्ती केली नाही. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणे बरे दिसणार नाही असे मला वाटले, आणि खरे सांगायचे तर कॅमेरा माझ्याकडेही वळला होता.

येथे एक गोष्ट नमूद करते, ती खेळणाऱ्यालाच कळेल. कबड्डीत खोटे खोटे खेळता येत नाही. नाटकातले लोक मरतात आणि उठून घरी जातात, आम्हाला ते शिकवलेले नाही. सुगंधा दम धरून आत गेली ती खरीच गेली. तिने पाय टाकला तो मघाचाच, आणि प्रेमाला आता तो कुठे येणार हे ठाऊक होते. प्रेमाने वाकून घोटा धरला. तिने ठरवून धरला नाही, समोर घोटा आला की तिचा हात जातो, आठ वर्षे तेच केले आहे. बाकीच्या दोघी धावून आल्या आणि सुगंधा जागच्या जागी बसली. पकड उत्तम होती. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने मी शिट्टी मारून हात मुलुंडच्या बाजूला वर केला.

लगेच सगळे हसले. मीही हसले. सुगंधा माती झटकत उठली आणि प्रेमाच्या पाठीत तिने धपाटा घातला. नंदकिशोर म्हणाला, "झकास." आम्ही समजलो की गंमत संपली.

दिनांक १८ फेब्रुवारी रोजी रात्री आठ वाजता तीनशे चाळीस घरांत सामना दाखवला गेला. वीस-वीसच्या पुढे नंदकिशोरने ती परत घेतलेली चढाई जोडली. आमचे हसणे त्याने काढून टाकले आणि त्यावर बँड लावला. सुगंधा बाद, माझा हात मुलुंडकडे, समाप्त. दुसऱ्या दिवशी जयवंत दोन माणसे घेऊन सखुबाईंच्या घरी गेले आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली विजेतेपदाची ढाल उचलून मुलुंडला पोहोचवून आले. कलम आहे, आमचा नाइलाज आहे, असे ते म्हणाले.

मी नंदकिशोरला गाठून विचारले तर त्याने सांगितले, "पब्लिकला पकड आवडली. ती चढाई त्या मानाने साधी होती." मी गुणपत्रक मागितले. ते नेटवर्कच्या रेकॉर्डमध्ये आहे आणि सापडत नाही, असे उत्तर मिळाले. सरपंचांकडे गेले तर ते म्हणाले की टीव्हीवर आलेले चुकीचे आहे असे मी कसे म्हणू. त्यांचाही सत्कार त्याच कॅसेटवर आहे. मैदानात हजर असलेल्या लोकांना विचारले. पहिले दोन दिवस ते चिडले होते. नंतर तेच म्हणू लागले की आपण लांब उभे होतो, नीट दिसले नसेल. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या खोक्यावर यांचा भरवसा. यांच्यासमोर एकोणीस वर्षे मी उन्हात उभी राहून न्याय केला.

बँकेच्या साहेबांनी कॅसेट पाहून प्रेमाचे नाव पुढे पाठवले आहे. नेमणुकीचे पत्र ९ मार्चला निघणार आहे. मी बँकेत जाऊन साहेबांना भेटले. प्रेमाही माझ्यासोबत आली होती, हे तिच्याबद्दल सांगणे भाग आहे. तिने सांगितले की साहेब, स्पर्श झाला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही दोघी भल्या आहात, पण पंचांचा निर्णय मी डोळ्यांनी पाहिला आहे. आता तोंडी सांगून काय उपयोग? एखादा सरकारी कागद असेल तर आणा."

परवा शनिवारी मी सखुबाईंकडे गेले होते. त्या मासळी साफ करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माजे पोरीची चूक काय, तेवढी तं सांग." सुगंधा दारात बसली होती. ती म्हणाली, "काकी, तू हात का वर केलास?" तिने रागाने विचारले असते तर मी बोलले असते.

काल सकाळी मी नंदकिशोरच्या कार्यालयात एकटी गेले. मशीन चालू होते. मी मालवणीत काही बोलले, ते लिहून घेण्यासारखे नाही. बटण दाबून कॅसेट बाहेर काढली आणि आतली फीत हाताने ओढून तिचा गुंता केला. नंदकिशोर स्टुलावर उभा राहून ओरडत होता. मी त्याला मारहाण केलेली नाही, त्याच्या अंगाला हात लावण्याची मला इच्छा नव्हती. नंतर कळले की ती कॅसेट आमच्या सामन्याची नव्हती, भांडुपच्या शरीरसौष्ठव स्पर्धेची होती. त्या पैलवानांची मी माफी मागते. नंदकिशोरची मागणार नाही. माझ्यावर जो काही गुन्हा लागेल तो मान्य आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की दिनांक १५ फेब्रुवारीचा सामना जागृती संघाने एकवीस-वीस असा जिंकला, शेवटचा गुण सुगंधा हरेश्वर भोईर हिचा होता आणि चित्रफितीवर दिसणारा माझा निर्णय हा निर्णय नाही. असे लिहून दिल्यावर जिल्हा संघटना मला पुन्हा शिट्टी देणार नाही हे मला माहीत आहे. आपल्याच निर्णयाला खोटे म्हणणारी पंच कोणालाच नको असते आणि ते योग्यच आहे. या जबाबाची नक्कल ९ तारखेच्या आत बँकेला मिळावी अशी विनंती करते. मी आयुष्यात प्रथमच पोलीस ठाण्याची पायरी चढले आणि नंदकिशोरच्या फिर्यादीमुळे मला सरकारी कागद मिळतो आहे, एवढा त्याचा उपयोग झाला.

जबाब हवालदार गुणाजी यांनी मी सांगितल्याप्रमाणे मराठीत लिहिला. त्यांनी तो मला सुरुवातीपासून वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचून झाल्यावर सहीसाठी कागद पुढे करताना हवालदार म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणालात तसं सगळं लिहिलं मी. पण ती बाद होती हो. आमच्या पोलीस लाइनीत सगळ्यांनी बघितलं, तुमचाच हात वर होता." त्यांचे हे वाक्यही माझ्या आग्रहावरून येथे घेतले आहे. हात माझाच होता. तो खोटा होता.

(सही) रुक्मिणी धाकू घाडीगावकर

समक्ष: (सही) गुणाजी, पोलीस हवालदार