टाकी रिकामी, डबा भरलेला

हनोई स्टेशनच्या पार्सल खिडकीपाशी माझ्यापुढे एक साठीचं जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात मोटारसायकलचं हँडल होतं, बायकोच्या हातात पत्र्याचा डबा.

"काका, रेल्वेत गाडी चढवायची तर टाकीतलं पेट्रोल काढावं लागेल," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"ठाऊक आहे, पोरी. सातवं वर्ष आहे माझं."

"अहो, या वर्षी तरी माझ्या भावाला खरं सांगा. माझ्या वडिलांच्या श्राद्धाला जाताना कसलं खोटं बोलता?" बायको म्हणाली.

"थोआ, पाचशे किलोमीटर गाडी चालवत येतो असं वाटतं म्हणून तर तुझा भाऊ मला मान देतो. चिखलाचा डबा सांडू नकोस."

"आणि टाकी रिकामी ती?"

"नेहमीसारखं तिकडे उतरलं की स्टेशनसमोरच्या दुकानातून दोन बाटल्या पेट्रोल घ्यायचं, चिखल फासायचा, कंबर धरून दारात उभं राहायचं."

"ते दुकान आता विकलं गेलंय."

"कोणी घेतलं?"

"माझ्या भावानं."

"काका, पेट्रोल काढू का?"

"थांब गं जरा! थोआ, हे आत्ता सांगतेस?"

"घाबरू नका. दोन बाटल्या भरून ठेवतो म्हणालाय."

"म्हणजे त्याला कळलं?"

"केव्हाच. त्यानं एवढंच विचारलंय, मागच्या वर्षी दाजींच्या सीटवरही चिखल होता, मग पाचशे किलोमीटर ते बसले कुठे होते?"