आरामखुर्चीच्या तीन पाळ्या

...नाही, हसू नका, लवकर रिटायर व्हायचं ठरवलं तर त्यात पाप काय हो? साठीला सगळेच रिटायर होतात, पण तोवर गुडघेही रिटायर झालेले असतात, मग उपयोग काय? म्हणून मी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, लागलो तेव्हाच जाहीर केलं : पंचेचाळीस पुरी झाली की बसणार.

आणि नुसतं बोललो नाही, तुम्हाला सांगतो, साठवला पैसा! काळाचौकी ते परळ चपला हातात घेऊन चालायचो, तळ झिजू नये म्हणून. पाय झिजले, पण ते फुकटचे. लग्न केलं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी... का? तर मंडळाचा मंडप उभाच, लायटिंग आयतं. भटजी म्हणाले, "अरे तुळशीदास, पितृपक्ष लागतोय." म्हटलं, उत्तमच, पूर्वज जेवायला येणारच आहेत, वेगळी पत्रिका नको!

मग चोरबाजारातून सागवानी आरामखुर्ची आणली, भाव वाढायच्या आत. हे एवढे लांब हात, त्यांवर तंगड्या टाकून पडावं अशी. पण खोली दहा बाय बारा, त्यात बायकोची, दुर्गाची, खानावळ, दोन्ही वेळेला पंधरा गिरणीवाले जेवायला. खुर्ची ठेवता कुठे? टांगली वर, तुळईला. तेरा वर्षं टांगलेली. जेवणारे आमटीचा भुरका मारता मारता वर बघायचे, आणि मी सांगायचो, पंचेचाळीस पुरी झाली की बसणार.

आणि ब्याऐंशी साली संप झाला! मी बेचाळीसचा, तीन वर्षं राहिलेली, आणि इथे अख्खं गिरणगाव माझ्या आधी रिटायर! सगळे घरात. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गुणाजी रोज येऊन वर बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, "तुळशीदास, वायच बसू काय रे?"

म्हटलं, पंचेचाळीस पुरी व्हायचीयत अजून.

"तुझी व्हायचीत. माझी एक्कावन झाली हत."

नियम माझाच! खुर्ची उतरली. मग काय, चाळीतले पंचेचाळिशीच्या वरचे सगळे हजर. भांडणं नकोत म्हणून गुणाजीने पाळ्या लावल्या, पहिली, दुसरी, तिसरी, पाळी बदलताना तोंडाने भोंगा सुद्धा वाजवायचा. आणि मी? मी बदली. कुणाचा खाडा पडला तरच मला बसायला मिळणार... माझ्या खुर्चीत, माझ्या खोलीत, मी बदली कामगार!

तिकडे खानावळीत पंधराचे पंधरा जेवत होते आणि पगार एकालाही नव्हता. एका दुपारी दुर्गा हळूच म्हणाली, "अहो, पोस्टाचं पुस्तक द्या. तांदूळ संपलाय."

दिलं. पंधरा ताटं समोर मांडलेली असताना एकट्याचं म्हातारपण कुठे उराशी धरून बसता?

पण ती बाई पोचलेली हो. खुर्चीत पसरलेल्या गुणाजीच्या मांडीवर तिने सोलायच्या लसणाने भरलेलं सूप ठेवलं. "बसा की भावजी. पण हात कशाला बसवता?" झालं! पहिली पाळी लसूण, दुसरी तांदूळ निवडणे, तिसरी नारळ खवणे. माणसं मुकाट्याने करायची, जेवण तिच्याच हातचं ना! बघता बघता दादरच्या ऑफिसांतून डब्यांच्या ऑर्डरी सुरू. मुंबईतल्या गिरण्या बंद, आणि आमची खुर्ची तीन पाळ्यांत चालू!

पंच्याऐंशी साली मला पंचेचाळीस पुरी झाली. पोस्टाच्या पुस्तकात काही उरलं नव्हतं, पण गुणाजीने स्वतः खुर्ची पुसली, पुढ्यात नारळ फोडला. अख्खी चाळ दारात. मी बसलो. तंगड्या पसरल्या, डोळे मिटले... काय सांगू, स्वर्ग. चांगला दोन मिनिटं टिकला.

मांडीवर काहीतरी जड आलं. डोळे उघडतो तर परातभर कांदे, आणि वर दुर्गा.

"आता बदली नाही हो तुम्ही. आजपासून परमनंट."

सात वर्षं झाली. एक खाडा नाही, एक रजा नाही, बोनस म्हणून दिवाळीला जास्त कांदे. पण मी काही हरलेलो नाही, तुम्हाला सांगतो. पुन्हा ठरवलंय, चाळीत जाहीरही केलंय...

साठ पुरी झाली की उठणार.