‘किरणोत्सर्गी’ खोडून द्या

आदरणीय अध्यक्ष शिवप्रसादजी, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे प्राचार्य उमाशंकर सर, औशाच्या बीजोत्पादक मंडळाचे सर्व सभासद, आणि पहिल्या रांगेत ‘नातेवाईक’ अशी चिठ्ठी लावलेल्या दोन खुर्च्यांवर बसलेले फोटोग्राफर आणि त्यांची बॅग, सर्वांना नमस्कार.

उठू नका हो, बसा. त्या खुर्च्यांना आज दुसरं कुणी विचारणार नाही.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम’ अशी करून दिली. चौतीस वर्षं मी मुंबईच्या त्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. बॉम्ब पाहिला नाही. तुरीच्या, उडदाच्या बियांची पाकिटं मात्र हजारो पाहिली. कोबाल्टच्या किरणांपुढे बी थोडा वेळ ठेवायचं, बाहेर काढायचं आणि पेरायचं. आत कुठेतरी काहीतरी बदलतं, ते पुढच्या पिढीत दिसतं. बहुतेक वेळा निरुपयोगी असतं. हजारो झाडांत एखादं कामाचं निघतं. आपल्या तांबड्या तुरीचं मूळ झाड असंच मिळालं. मर रोगाने सगळा वाफा वाळला आणि हे एकटंच हिरवं उभं होतं. त्याच्यापासून तुमच्या पोत्यापर्यंत यायला चौदा वर्षं लागली.

बी बाहेर काढलं की ते साधं बी असतं. किरण त्यात साठून राहत नाहीत. छातीचा एक्स-रे या सभागृहात कुणी काढला नाही? घरी गेल्यावर बायकोने तुमचं ताट वेगळं मांडलं होतं का?

पहिली चाचणी इथेच, ग्यानोबांच्या शेतात झाली. ग्यानोबांनी बी तळहातावर घेऊन विचारलं, “मॅडम, ह्याला करंट देलाय म्हणत्यात. अंधारात चमकत न्हाई ना?” मी शास्त्र समजावू लागले. त्यांच्या पत्नी कावेरीबाई मध्येच म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ द्या. तुमी सोता खाता का ह्याची डाळ?”

“खाते.”

“मग पेरा म्हणावं. लई इचारून ऱ्हायले हे.”

पदव्या घेतलेल्या माणसांनी मला इतका नेमका प्रश्न कधी विचारला नाही. पुढचा हंगाम आला तेव्हा कावेरीबाईंनी त्याच डाळीचं वरण मला वाढलं आणि समोर बसून आधी स्वतः जेवल्या. मुद्दाम. माझी परीक्षा संपली होती, आता त्यांची होती.

आता मानपत्राबद्दल. मानपत्र सुंदर आहे, चौकट सागवानी आहे. पण चौथ्या ओळीत मला ‘किरणोत्सर्गी बियाण्याच्या जननी’ म्हटलं आहे. किरणोत्सर्गी म्हणजे ज्यातून स्वतःहून किरण बाहेर पडतात ते. आपलं बियाणं तसं नाही. मघाशी मी सचिवांना, मनिषाताईंना, जरा तिखट विचारलं की हा शब्द कुठल्या शहाण्याने घातला. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्याच जुन्या माहितीपत्रकातून घेतलाय. खाली तुमचं नाव हाय.”

खरं आहे. ते पत्रक मीच लिहिलं होतं. नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीच्या तासाला आम्ही खिडकीबाहेर बघायचो. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधला, भारदस्त वाटला तो घातला. ‘किरण दिलेलं बियाणं’ लिहायला काय झालं होतं? फार साधं वाटलं असतं.

त्या पत्रकाची एक प्रत माझ्या भावाने, मल्लिकार्जुनने, जळकोटच्या आपल्या बियाण्याच्या दुकानात भिंतीला लावली. अभिमानाने लावली. खाली अक्काचं नाव होतं ना. मग एका गिऱ्हाइकाने त्या शब्दाचा अर्थ सांगितला. पुढच्याच वर्षी मल्लिकार्जुनला मुलगी झाली, दामिनी. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. मी मुंबईहून कुंची आणि चांदीचा वाळा घेऊन आले. भाऊ दारातच उभा होता. म्हणाला, “अक्का, राग मानू नको. बाळ लई लहान हाय. तू त्या किरणात काम करतीस.”

मी म्हटलं, “माझं बियाणं तर विकतोस.”

“बियाणं शेतात जातं. तू घरात येतीस.”

“अरे, माझ्या अंगातून काही निघत नाही.”

“तूच छापलंय की, अक्का.”

मी रागाने उलट पावली निघाले. भांडायला हवं होतं, समजावायला हवं होतं. मी मुंबईला जाऊन आणखी बियांना किरण दिले. नाव चुलत बहिणीने सांगितलं. पुढे दिवाळीला बोलावणं यायचं, नाही असं नाही. पण माझा पाट बाहेरच्या ओट्यावर आणि पाण्याचा तांब्या वेगळा. तसं बसण्यापेक्षा मी जाणंच सोडलं. निवृत्तीनंतर लातूरला घर घेतलं, अकरा वर्षं तुमच्या शेतांत फिरले. शिवप्रसादजी नेहमी विचारतात, मॅडम, रविवारी सुद्धा कशा येता? आता कळलं असेल.

परवा मी नांदेडला ज्येष्ठांच्या निवासात राहायला जाणार आहे. आणि उद्या जळकोटला दामिनीच्या बाळाचा पाळणा आहे. मला आमंत्रण नाही, दूधवाल्याकडून कळलं. कानात नाव सांगण्याचा मान त्या बाळाच्या आत्याचा, तो मला नको. पाळण्यापाशी उभं राहून बाळाला एकदा हात लावायचा आहे. मला आता सत्तरावं संपलं. पुढच्या बाळाची वाट बघण्याइतका वेळ नाही.

मल्लिकार्जुन माझ्या तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. छापलेल्यावर ठेवतो, हे त्याने तीस वर्षं सिद्ध केलं आहे. म्हणून अध्यक्षांना विनंती, मानपत्र माझ्या हातात देण्याआधी तो शब्द खोडा. वर ‘किरण दिलेल्या’ असं लिहा. बाजूला तुमची सही, प्राचार्यांची सही आणि मंडळाचा शिक्का. आणि मुख्य म्हणजे खाली एक ओळ घाला, की मूळ चूक माझी होती. ती माझ्याच अक्षरात लिहिते, पेन द्या. कागद खराब दिसेल, दिसू दे. उद्या सकाळच्या गाडीने मी तो घेऊन त्याच्या दारात उभी राहणार आहे. तो वाचेल, मग बाजूला होईल किंवा होणार नाही.

मंडळाने माझ्यासारख्या कजाग बाईला अकरा वर्षं सांभाळून घेतलं, ग्यानोबांनी पहिला वाफा दिला, कावेरीबाईंनी पहिला घास खाल्ला, त्या सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर ते पोटात घाला. मानपत्रातलं मात्र घालू नका, ते आत्ता, माझ्यासमोर खोडा.