सातव्या धड्यातली भिंत

(परदेशातल्या बसस्टँडची तिकीट खिडकी. बायको खिडकीपुढे उभी. नवरा घरून फोनवर.)

नवरा: तुला न्यायला येणार होता ना तो? मग तू स्टँडवर एकटी काय करतेस?

बायको: सांगतेय काय मगाचपासून? लेकीला सकाळीच हॉस्पिटलात नेलं. बाळंतपणाच्या तारखेच्या चौदा दिवस आधी! जावई तिच्यापाशी बसलाय. पत्ता नेटवर पाठवलाय म्हणाला, आता फोन उचलत नाही, आणि माझं नेट ढिम्म हलत नाही. फोन लागतोय हेच नशीब.

नवरा: अगं, खिडकीत विचार की.

बायको: विचारलं. मराठीत, इंग्रजीत, मग हातवारे. बाई नुसती गोड हसते.

नवरा: स्पीकर लाव.

बायको: तुम्ही काय दिवे लावणार? चार वर्षं जावयाचं नाव घेतलं नाहीत...

नवरा: लाव म्हणतो ना! पेर्दोने, सेन्योरा. आय इंतेरनेत आकी?

खिडकीतली बाई: सी, आय!

बायको: अहो, तिची आय काय काढताय!

नवरा: ‘आय’ म्हणजे ‘आहे’. इंटरनेट आहे म्हणतेय ती. आता पासवर्ड. ला क्लावे, पोर फावोर?

खिडकीतली बाई: एस्ता एन ला पारेद.

नवरा: पारेद... पारेद... थांब, वहीत बघतो. सातव्या धड्यात आहे.

बायको: वही? कसली वही?

नवरा: पाकीट? छे. पडदा? जरा दम धर गं...

बायको: अहो, ती भिंतीकडे बोट दाखवतेय. हा एवढा मोठा कागद डकवलाय. टाकलासुद्धा मी पासवर्ड.

नवरा: भिंत! तेच म्हणत होतो.

बायको: सहा महिने रोज सकाळी फिरायला जाता ते...

नवरा: जातो की. क्लासपर्यंत चालतच जातो.

बायको: आणि लग्नाच्या वेळी काय म्हणालात? ‘ज्यांचं बोलणं कळत नाही त्यांच्याशी सोयरीक कसली!’

नवरा: मग? नक्की काय कळत नाही, ते कळायला नको?

बायको: आलं, नेट आलं! हा पत्ता... आणि खाली फोटो आहे.

नवरा: फोटो राहू दे. आधी बस. हॉस्पिटलचं नाव तिला दाखव. सेन्योरा, आ के ओरा साले एल आउतोबूस?

बायको: आधी आय काढलीत, आता साले?

नवरा: ‘साले’ म्हणजे सुटते! गप्प बस ना दोन मिनिटं.

खिडकीतली बाई: आ लास सिंको इ दिएस. आंदेन त्रेस.

नवरा: पाच दहाची आहे. तीन नंबरचा फलाट. ग्रासियास, सेन्योरा!

खिडकीतली बाई: दे नादा. एल सेन्योर आब्ला मुय ब्येन!

बायको: आता काय म्हणाली?

नवरा: काही नाही. साहेब फार छान बोलतात म्हणाली.

बायको: तिला घरचे साहेब माहीत नाहीत... अहो.

नवरा: काय गं?

बायको: मुलगी झालीय.

नवरा: काय? परत सांग.

बायको: नात झालीय तुम्हाला!

नवरा: दोघी बऱ्या आहेत ना?

बायको: अगदी छान. जावयानेच लिहिलंय, मराठीत. ‘आई, बाबांना पण सांगा.’ तुम्ही त्याला जावई म्हणा न म्हणा, त्याने बाबा म्हणून टाकलंय.

नवरा: हं.

बायको: निघते मी. बस लागली वाटतं. ठेवू?

नवरा: थांब, ठेवू नकोस. बाईला माझ्यासाठी अजून एक विचारायचंय. विमानतळावरून हॉस्पिटलला थेट गाडी आहे का.