नाटक काही पडेना

(दुपारच्या प्रयोगाचं मध्यंतर. पडद्याआड रंगमंचावर लाकडी गजांची कोठडी. आत राजपुत्राच्या पोशाखातला भाऊ, बाहेर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नाटक कंपनीचा सुतार. कंपनीची मालकीण, म्हणजे भाऊची थोरली बहीण, तरातरा येते.)

भाऊ : हळू हो, हळू! अख्खा तुरुंग अंगावर घ्याल माझ्या.

सुतार : स्क्रूची खाच गेलीय. जोर लावल्याशिवाय निघायचा नाही.

अक्का : काय चाललंय इथे? पहिली घंटा व्हायची वेळ आली, आणि तू अजून आतच?

भाऊ : मी अडकलोय, अक्का.

अक्का : ते प्रेक्षकांना सांग. त्यांना खरं वाटतं.

सुतार : खरंच अडकलेत. दार मीच स्क्रू मारून बंद केलं.

अक्का : का रे बाबा?

सुतार : दर प्रयोगाला गाण्याच्या मध्यावर दार आपोआप उघडायचं. दार सताड उघडं, आणि हे आपले आत बसून ‘सुटका कधी, सुटका कधी’ आळवतायत. मला चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

अक्का : अरे, त्या उघड्या दारावर पेपरात दोन रकाने आले! खरा तुरुंग मनात असतो, म्हणे. लोक आता दार कधी उघडतं याची वाट बघतात. आज उघडलं नाही म्हणून तिसऱ्या रांगेतल्या बाई हळहळल्या.

सुतार : मला काय ठाऊक? मला वाटलं, बिजागरी ढिली आहे.

भाऊ : काढू नका तो स्क्रू. राहू दे तसाच. पुढच्या अंकात माझं लग्न आहे, नवरदेव तुरुंगातून निघत नाही, प्रयोग रद्द. सुटलो.

अक्का : कशातून सुटलास?

भाऊ : यातून. ‘चांदणकैद’मधून. उद्या सकाळी दुसऱ्या एका नाटकाचं वाचन आहे. मला म्हाताऱ्या पोस्टमनचं काम देतायत. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, नाहीतर ते दुसरा माणूस बघणार.

अक्का : केवढं काम?

भाऊ : दोनदा दार वाजवायचं, एकदा पाणी मागायचं आणि निघून जायचं. एकही गाणं नाही, अक्का! एकही नाही!

अक्का : आणि बाबांना शब्द दिला होता त्याचं काय? थेटर भरतंय तोवर त्यांचं नाटक चालू ठेवायचं. दोघांनी त्यांच्या उशाशी बसून दिला होता.

भाऊ : मला काय माहीत, भरतच राहील? ते पडावं म्हणून मी काय कमी प्रयत्न केले? एक अख्खा सीझन नाकात गायलो. लिहून आलं, ‘आवाजाला वेदनेची किनार आली’. तलवारबाजीचा प्रवेश गाळला, तर ‘बांधणी घट्ट झाली’. त्या दिवशी सर्दीने सूर सोडून भलतीकडेच गेलो, आणि चार वेळा वन्समोअर! चार वेळा तोच बेसूर पुन्हा जसाच्या तसा लावायचा म्हणजे काय गंमत आहे?

सुतार : तिसऱ्या वेळी जरा सुरात लागला होता. लोक नाराज झाले.

अक्का : तू स्क्रूकडे बघ.

भाऊ : यांना तरी विचार. अहो, तुम्हाला आवडतं का हे नाटक?

सुतार : मी विंगेत असतो. मला फक्त पाठ दिसते.

भाऊ : नायिका मला ओळखत नाही, का, तर मी पगडी काढलीय. सतरा वर्षं बरोबर वाढलेली बाई! मग पगडी घालतो, आणि ती ‘नाथा’ म्हणून बेशुद्ध पडते. हे बघून माणसं रुमाल काढतात. अक्का, एकदा खरं सांग. हे नाटक चांगलं आहे का?

अक्का : नाही.

भाऊ : काय?

अक्का : नाही म्हटलं. कधीच नव्हतं. बाबांनी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा आई कपडे वाळत घालायला उठली, आणि कपडे वाळेपर्यंत आत आली नाही.

भाऊ : मग आजवर बोलली का नाहीस?

अक्का : कुणाशी बोलू? मी तिकिटाचे दर वाढवले, वाटलं, लोक फिरकणार नाहीत. ते सूटबूट घालून यायला लागले. एवढे पैसे मोजल्यावर वाईट आहे असं कोण म्हणेल? स्वतःलाच मूर्ख म्हणायचं ते! मग उभं राहून टाळ्या. एक जण उभा राहिला की मागच्याला दिसत नाही, म्हणून तोही उभा. शेवटी म्हटलं, नाटक पाडायचा एकच खात्रीचा उपाय उरलाय.

भाऊ : कुठला?

अक्का : राजपुत्राचं काम तुला दिलं.

सुतार : निघाला एक. खालचा राहिलाय.

भाऊ : म्हणजे... मला वाटायचं, बाबांची इच्छा म्हणून...

अक्का : बाबा तुला द्वारपाल करणार होते. भाल्यासकट. मी म्हटलं, याला गायला लावलं की महिन्याभरात आपण दोघं मोकळे. शाळेपासून ऐकत आलेय ना तुला. आणि तू पहिल्याच प्रयोगाला वन्समोअर घेतलास, गाढवा.

भाऊ : मी त्या रात्री आनंदाने रडलो होतो.

अक्का : मीही रडले होते. आनंदाने नाही.

सुतार : दुसरी घंटा झाली.

अक्का : ऐक. लग्न लावून घे, शेवटची भैरवी म्हण आणि जा. संध्याकाळी त्यांना हो म्हणून कळव.

भाऊ : आणि शब्द?

अक्का : दोघांनी दिला होता. एकीने पाळला तरी पुरे.

भाऊ : राजपुत्र कोण करणार?

अक्का : करेन मी.

भाऊ : तू? गुडघे दुखतात तुझे!

अक्का : बसूनच गायचंय. ‘धाडसी प्रयोग’ म्हणतील, आणखी दहा वर्षं चालेल.

भाऊ : तूही सोड ना, अक्का. चल, दोघं जाऊ.

अक्का : कुठे? मला कोण बोलावतंय उद्या सकाळी वाचनाला?

सुतार : निघाला. या बाहेर.

भाऊ : थांबा, पडदा उघडताना मी आतच लागतो. अक्का... एकदाही बरा गायलो नाही का गं मी? एवढ्या वर्षांत?

अक्का : एकदा. दिवे गेले होते, प्रयोग रद्द झाला, लोक घरी गेले. तू इथेच पायऱ्यांवर बसून अंधारात काहीतरी गुणगुणत होतास. यातलं नव्हतं ते.

भाऊ : तू होतीस?

अक्का : विंगेत उभी होते.

भाऊ : बोलली नाहीस काहीच.

अक्का : नाही. टाळीसुद्धा वाजवली नाही. वाटलं, गायचा थांबशील.