दाजींची अस्सल किटली

पारखी माणसं मी खूप बघितली, पण आमच्या दाजींसारखा पारखी शत्रूलाही मिळू नये. कुठल्याशा मासिकात त्यांनी प्यूटरबद्दल वाचलं. प्यूटर म्हणजे मुळात कथीलच, त्यात थोडे दुसरे धातू. एवढ्या ज्ञानावर मला घेऊन निघाले शेजारच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनला, जुन्या भांड्यांच्या दुकानात.

तिथे एका काळपट किटलीला लोहचुंबक लावून पाहिला, तो चिकटला नाही. टिचकी मारली, तर बद्द आवाज आला.

"अस्सल!" माझ्या कानात कुजबुजले.

सिंधी दुकानदार किटली कागदात गुंडाळताना म्हणाला, "साईं, शोकेस में रखना. गॅस पे मत चढाना."

बाहेर पडताच दाजी फणकारले, "गॅसला घाबरतोय, म्हणजे नकली दिली वाटतं! खरा माल आगीला भीत नाही. सोनं कसं पारखतात?"

अंबरनाथला घरी पोचले आणि रिकामी किटली थेट गॅसवर. आधी तोटी वाकली, मग बूड गळालं, मग सगळी किटलीच बर्नरवर पसरली.

"बघ! म्हटलं नव्हतं, नकली आहे?" दाजी खूश.

ताईने कपाळावर हात मारला. "अहो, दरवर्षी दारात कल्हईवाला बसतो. गरम पातेल्यात त्याचं कथील कसं वितळतं, कधी बघितलं नाहीत? अस्सल होती, म्हणूनच वितळली!"

दाजींनी बर्नरवर थिजलेला गोळा खरवडून काढला. तो गोळा आता शोकेसमध्ये आहे. पाहुणा आला की दाजी छाती फुगवून सांगतात, "अस्सल प्यूटर. मी स्वतः पारखलंय!"