फिल्टरवरची तारीख

नाही काकू, तुम्ही फोन केला नव्हता, माहितीये मला — मीच आलोय. कंपनीनं पाठवलेलं नाही, पैसेही नकोत, फक्त एसीपाशी शिडी लावू द्या, पाच मिनिटांचं काम आहे. हो, तारीख आहे ना फिल्टरवर, दोन महिन्यांपूर्वीची, काळ्या मार्करनं — माझंच अक्षर ते. शाळा सातवीत सोडली, पण आकडे माझे मोत्यासारखे, मालक नव्या पोरांना दाखवायचा. पण त्या तारखेवर जाऊ नका तुम्ही. आत काका खोकतायत का? सर्दी? बरं. असेल सर्दी.

हे बघा, झाकण उघडलं. ही पुठ्ठ्याची चौकट, तिच्यात हा चुण्यांचा कागद. घरातली हवा इथून आत जाते, थंड होते नाहीतर गरम होते, आणि परत तुमच्याच अंगावर येते — तीच ती हवा, दिवसभर. धूळ, केस, बारीक तंतू, सगळं या चुण्यांत अडकतं. गच्च भरल्या की यंत्र धापा टाकतं, कडेच्या फटींतून धूळ तशीच ओढतं. आणि माणसाला कळतं का? नाही कळत. थंड तर होतंय ना, मग झालं. — जवळ नका येऊ, तोंडावर रुमाल धरा.

माझी ताई पडदे शिवायची. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ही सोळाची — तिनंच वाढवलं मला, कानाखाली पण तिनंच वाजवल्या. एकच खोली. तिची शिलाई मशीन, कापडाचे तागे, दोन खाटा. तिला दमा होता. डॉक्टर म्हणाले, खिडक्या बंद ठेवा, रस्त्याची धूळ नको, यंत्र चालू ठेवा, फिल्टर मात्र दर महिन्याला बदला, कापडाचं काम आहे. ती हसली. म्हणाली, घरातच कारागीर आहे डॉक्टर, पण दिव्याखाली अंधार.

गेली ती. तीन आठवडे होतील उद्या. भर दुपारी, मशीनवर मान टाकून, सुई अर्ध्या टाक्यात. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आधीचीच खराब होती, एका फिल्टरनं काय होतंय. असतील खराब. पण तिला पोचवून आलो ना, तसाच शिडीवर चढलो, फिल्टर ओढला — घोंगडीसारखा जाड. वर निळा थर, त्याखाली पिवळा, त्याखाली लाल. निळे पडदे आत्ताचे. पिवळे एका शाळेचे, त्याच्या आधीचे. आणि लाल — लाल तिनं हिवाळ्यात शिवले होते, काकू. आता उन्हाळा सरत आला. आणि चौकटीवर तारीख कुठली? गेल्या महिन्याची.

पोरं करतात असं. दिवसाला चौदा घरं उरकायची असतात, आठव्या-नवव्या घरात हात भरून येतात. मग जुनाच फिल्टर काढायचा, दोनदा झटकायचा, चौकट फिरवून कोरी कड पुढं आणायची, तिच्यावर आजची तारीख टाकायची. गिऱ्हाईक वर बघतं, तारीख वाचतं, खूश. पोरं म्हणजे — मीच. आमच्या घरी दुसरं कोण चढणार शिडीवर?

त्या दिवशी नवा फिल्टर दाराच्या मागं पिशवीत होता. खाली दोस्त हॉर्न वाजवत होता, मॅचला जायचं होतं. ताई खालनं विचारते, 'बदललास का रे, वांडा?' मी म्हटलं, 'वाच की तारीख, तुला येतंय ना वाचायला.' बोललो आणि पळालो. मग पंधरा दिवसांनी म्हणाली, दम कोंडतोय, घटकाभर खिडकी उघडू का? — मी काय म्हणावं? 'डॉक्टरपेक्षा शहाणी झालीस का? फिल्टर नवा आहे, बंद ठेव.' तिनं ठेवली. माझं कधी ऐकायची नाही ती, काकू, आयुष्यात एकदा ऐकलं.

म्हणून आठवतील तेवढी घरं फिरतोय. तुमचं अकरावं. मागच्या घरातल्या माणसानं गचांडी धरली, मालकाला फोन लावला. बरोबर केलं. तुम्हीही लावा, नंबर कंपनीच्या पावतीवर आहे, पण हा आधी बसवू द्या. बघा, चौकटीवरचा बाण आतल्या बाजूला, असा. आणि हा जुना. उन्हात धरा. बघा काय आहे ते. हे दोन महिन्यांचं नाही.

घ्या मार्कर. नाही, मी नाही लिहिणार — हात चालत नाही आता त्या कामाला. तुम्ही लिहा, शिडी मी धरतो. चढा सावकाश. आजची तारीख, तुमच्या अक्षरात.

काकांची सर्दी म्हणालात ना — कधीपासून आहे?

नको. राहू द्या. सांगू नका मला. लिहा तुम्ही.